टेबलावर खोलून ठेवलेल्या पीसीचं तिकीट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या सदरातले अनुभव मी डबा खाताना मोठ्यानं वाचून दाखवते आणि वर हसते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. आता माझंच लिहून पाठवायचं म्हणजे... असो. हसायचं तर हसा.

सोलापुरात एका छोट्या आयटी कंपनीत मी सर्व्हिस डेस्क सांभाळते. छोटी म्हणजे आम्ही चौघं, दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. पतसंस्था, शाळा, सांगोल्याकडची डाळिंबाची कोल्ड स्टोरेज — यांचे कॉम्प्युटर आम्ही इथं बसून बघतो. प्रत्येक मशीनमध्ये मॉनिटरिंगचा प्रोग्रॅम टाकलेला असतो. मशीन तापलं, बंद पडलं की तो आम्हाला अलर्ट पाठवतो. पूर्वी अलर्ट बघून मी हातानं तक्रारीचं तिकीट बनवायची. मग आमच्या इरफाननं मॉनिटरिंग आणि तिकीट सिस्टिम एकमेकांना जोडून दिली. आता अलर्ट आला की तिकीट आपोआप तयार होतं.

सुरुवातीला नुसता वैताग होता. शाळेनं संध्याकाळी लॅब बंद केली की जितके कॉम्प्युटर तितकी तिकिटं. लाईट गेली की अख्ख्या तालुक्याची तिकिटं. मी इरफानला म्हटलं, "बाबा रे, माझं काम कमी करायला बसला होतास ना तू?" तो शांत माणूस, माझं बोलणं त्याच्या अंगाला लागत नाही. एकेक नियम लावत बसला आणि हळूहळू सगळं ताळ्यावर आलं.

आमची एक पद्धत आहे, तीही सांगते. त्या मशीनवर बसणाऱ्या माणसाचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही. गावाकडं मेलला कोणी उत्तर देत नाही, आणि आमच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार असतं तेव्हाही तिकडं काम ठप्प असू शकतं. "व्हय, चालू झालं" असं कानानं ऐकायचं, मगच बंद. कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांचा नियम आहे. मोडला तर बोलणी मलाच बसतात.

सांगोल्याजवळच्या एका कोल्ड स्टोरेजवर बिरूकाका म्हणून आहेत. साठीचे असतील. बायको गेली, मूलबाळ नाही, तिथंच गेटजवळच्या खोलीत राहतात. किती माल आत गेला, किती बाहेर आला, ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्यांचं. दुसऱ्या रिंगला फोन उचलणार आणि मशीनचं राहिलं बाजूला, "म्याडम, सोलापुरात ऊन लई हाय का वो?" इथून सुरुवात. मला दहा कामं पडलेली असायची, पण त्यांचा फोन ठेववत नसे.

मे महिन्यात त्यांचा जुना पीसी व्होल्टेजनं जळला. आम्ही नवा बसवून दिला आणि जुना ऑफिसात आणला. इरफाननं तो खोलला. हार्ड डिस्क एकीकडं, पॉवर सप्लाय दुसरीकडं, सगळं माझ्या शेजारच्या टेबलावर पसरलेलं. सॉफ्टवेअरमधूनही त्याची नोंद काढून टाकली.

आणि एका दुपारी त्याच जुन्या पीसीचं तिकीट आलं.

तापमान चार डिग्री, असा अलर्ट. आता बघा, आम्ही अलर्ट लावतो तो मशीन जास्त तापलं तर. गार पडल्याचा अलर्ट आम्ही कुठंच लावलेला नाही. सोलापुरात, मे महिन्यात, लावणार तरी कशाला? मी उठून त्या पीसीच्या डब्याला हात लावून बघितला. त्या दुपारी सगळंच तापलं होतं, तोही तापला होता.

इरफान म्हणाला, "कुठलातरी जुना कचरा आलाय, कर बंद." नवा पीसी स्क्रीनवर व्यवस्थित चालू दिसत होता. तरी सवयीनं मी काकांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. इरफाननं त्याच्या स्क्रीनवरून तिकीट बंद केलं. जरा वेळानं तेच तिकीट परत उघडं. मी परत फोन केला. तीन-चारदा केला असेल. काका फोन उचलत नाहीत असं कधी झालंच नव्हतं.

शेवटी कोल्ड स्टोरेजच्या मालकांना फोन लावला. ते मंगळवेढ्याला लग्नात, मागं बँड चालू. "अवो म्याडम, आज लग्नाची तिथ मोठी हाय, हमाल सगळे लग्नाला गेल्यात. काका झोपलं असतील की."

"झोपले असतील तर उठवा," मी म्हटलं. "मला फक्त त्यांचा आवाज ऐकवा. मग मी तुम्हाला त्रास देणार नाही."

मालक वैतागले, पण गावातल्या भावाला मोटारसायकलवर पाठवलं. काका खोलीत नव्हते. फोन ऑफिसात, नव्या पीसीशेजारी पडलेला. शेवटी भावानं शीतगृहाचं दार उघडलं, आत तापमान चार डिग्री. काका आत होते, डाळिंबाच्या क्रेटना टेकून बसलेले, अंगात नुसती बनियन. क्रेट नीट लावायला म्हणून गेले आणि मागं दार लागलं. आतून उघडायचा खटका अडकला होता. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

इरफाननं पुढं सगळं तपासलं. तिकीट सिस्टिम म्हणते, अलर्ट मॉनिटरिंगकडून आला. मॉनिटरिंगमध्ये असा अलर्ट पाठवल्याची नोंदच नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही.

आम्ही दोघं काकांना बघायला दवाखान्यात गेलो. मालकही होते तिथं. काका हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, मी वरडलोबी न्हाय. म्हनलं, कोन ऐकनार? आन माजी आठवन कुनाला व्हनार? डोळं मिटाय लागलं हुतं. पर फोन वाजत हुता की. त्यानं झोपू दिलं न्हाय."

मालक म्हणाले, "काका, फोन हापिसात हुता. त्या दारातनं ट्रॅक्टरचा आवाजबी आत येत न्हाई."

"हापिसात कुटला? माज्या शेजारीच वाजत हुता. दार उघडंपर्यंत थांबला न्हाय."

मी इरफानकडं बघितलं.

काका परत कामावर आलेत. परवा फोनवर म्हणाले, "त्या दिवशी माज्यासाटी लई येळ फोन करत बसला हुता की तुमी." मी हो म्हटलं. मी तीन-चारदाच फोन केला होता, नंतर तर मी मालकांशी बोलत होते... पण बाकीचा वेळ तो फोन कोण वाजवत होता, हे मी त्यांना काय सांगणार?