साक्षीदारांचा पलंग

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला मी त्याच्याच नातवाच्या लग्नात, अडीचशे माणसांसमोर, बायकोसकट पलंगावर निजवलं आणि वर रजई ओढली. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं शोभा केली. केली. करायचीच होती.

मी चौथी शिकलेला सुतार. पोरगी कॅनडात किचनरला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली आणि तिनं आम्हा दोघांना स्पॉन्सर केलं. घरात बसून भिंती किती बघायच्या, म्हणून मी इथल्या एका जर्मन क्लबात डागडुजीचं काम धरलं. या गावात जर्मन लोक पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांचे मोठाले हॉल आहेत. दारं, खुर्च्या, स्टेज, सगळं मी बघायचो. बायको डबा द्यायची. मग ती आजारी पडली. दोन विंटर मागं गेली.

जाताना तिनं एकच मागितलं. "माझ्यावर पांढरं घालू नका." मी दुकानातून फुलाफुलांची चादर आणली आणि तीच घातली. पोरगी रडत विचारत होती, बाबा, आई असं का म्हणाली? मी सांगितलं नाही.

आता सांगतो. आमच्या समाजात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंच दाराबाहेर बसायचे. आत पांढरी चादर घातलेली असायची. नवऱ्यानं ती बाहेर आणून दाखवायची. डाग असला तर पोरगी खरी, नसला तर खोटी. आमच्या चादरीवर डाग नव्हता. वडील वारलेले, म्हणून पंचांत थोरला भाऊ बसलेला. त्यानं चादर उलटी केली, सुलटी केली, उजेडाला धरली, आणि म्हणाला, "खोटी." ती दाराआड उभी होती, सतरा वर्षांची. त्या दिवसापासून भावाच्या घरात तिच्या हातचं कुणी खाल्लं नाही. पुतण्यांच्या हळदीला तिला लांब बसवलं. तिनं कधी उलट शब्द काढला नाही. मीही नाही.

ती गेली तेव्हा भाऊ ओकव्हिलला त्याच्या मुलाकडे होता. तासाभराची वाट. आला नाही. फोनवर म्हणाला, गुडघे दुखतात.

त्या साली क्लबानं जुन्या जर्मन राजेरजवाड्यांच्या लग्नाचा देखावा करायचं ठरवलं आणि मला पलंग करायला सांगितला. चार खांब, वर छत, लाल मखमल. क्लबातली एक म्हातारी, माझ्यासारखीच एकटी राहिलेली, रजई शिवत बसायची. मी खांब घासत होतो तेव्हा तिला विचारलं, "लग्नाच्या देखाव्यात पलंग कशाला?"

ती म्हणाली, "पलंग हेच लग्न." त्यांच्या राजघराण्यांत पुरोहितानं मंत्र म्हटले तरी काम अर्धंच. दरबारातली माणसं पलंगाभोवती उभी राहायची, नवरानवरी अंगभर कपड्यांत आडवी व्हायची, आणि दोघांवर एकच रजई ओढली की कायद्यानं लग्न पक्कं. मग वाइन प्यायची, गोड खायचं आणि उठायचं. नवरा लढाईवर असला तर त्याच्या वतीनं दुसरा माणूस यायचा, एक पाय उघडा करून तेवढाच पाय पलंगावर ठेवायचा.

मी हसलो. "नुसता पाय?"

"नुसता पाय. आणि हसू नकोस. तहासाठी दहा-बारा वर्षांच्या पोरींना असं निजवलंय. त्यांना कुणी विचारलं नाही."

"आणि सकाळी? सकाळी लोक काय बघायचे?"

"सकाळी नवरा बायकोला देणगी द्यायचा. दागिना, जमीन, कुणी तर गाव. ती तिची स्वतःची. नवरा मेला तरी तिच्याकडेच राहायची."

"चादर बघायचे नाहीत?"

तिनं सुई थांबवली. माझ्याकडं बघितलं. "काही ठिकाणी बघायचे," म्हणाली. "नालायक माणसं सगळ्या देशांत असतात. तुला का विचारायचंय?"

तिला सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं, तेही माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये.  तिनं दोरा दातानं तोडला फक्त.

पुढच्याच आठवड्यात भावाचा फोन आला.

"नातवाचं लग्न ठरलं. पोरगी ग्वेल्फची, आपल्यातलीच. तुझ्या क्लबाचा हॉल बघ."

"बघतो."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात आपली रीत करायची. मी, तू आणि पोरीचा चुलता."

"दादा, इथं? कॅनडात?"

"मग? जात काय विमानतळावर ठेवून आलो?"

"पोरीला माहीत आहे?"

"तिला काय सांगायचं? नातवाला सांगितलंय. चादर खाली घेऊन ये म्हटलं."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? गप्प बसला. तुझ्यासारखा."

आणि हसला. त्या हसण्यानंतर माझं ठरलं.

देखावा होऊन गेला होता, पण पलंग स्टेजच्या मागंच होता. लग्न सकाळी लागलं, दुपारी जेवणं झाली. मी माझ्या पोरीला आदल्या दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं. ती दोन तास बेसमेंटमध्ये जाऊन बसली, वर आली तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाली, "मी माइकवर तुमचं इंग्लिश करीन. ऑल ऑफ इट."

पडदा उघडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, हा जर्मन राजांचा लग्नाचा पलंग, या हॉलचा मान आहे. आधी घरातल्या थोरल्या जोडप्यानं एका रजईखाली निजायचं, म्हणजे नव्या जोडप्याला आशीर्वाद. हे शेवटचं मी माझ्या मनानं जोडलं. राजेलोकांत असलं काही नव्हतं. पण भावाला मान म्हटला की तो विहिरीतसुद्धा उतरेल. फेटा सांभाळत आला. वहिनी लाजत होती. "अगं चल, फोटो काढतील," म्हणाला. बूट काढले आणि आडवा झाला. पोरं शिट्ट्या मारत होती. मी रजई दोघांच्या गळ्यापर्यंत ओढली, चारी बाजूंनी नीट खोचली, आणि माइक घेतला.

"दादा, उठू नको. सकाळपर्यंत निजून राहा. सकाळी आम्ही सगळे चादर बघू. वहिनी खरी का खोटी, ते उजेडाला धरून ठरवू."

आमच्या समाजातले होते ते जागच्या जागी थिजले. बाकीचे हसत होते. मग माझी पोरगी बोलायला लागली आणि हसणं विझत गेलं. मी मराठीत एक वाक्य, ती इंग्लिशमध्ये एक वाक्य. तिच्या आईची सकाळ. दार. चादर. उद्या हॉटेलात काय ठरलंय, तेसुद्धा. एका जागी तिचा आवाज फुटला, पण तिनं सोडलं नाही.

भाऊ रजईतून सुटायला धडपडत होता. फेटा डोळ्यावर आलेला. "माइक काढून घ्या त्याचा! डोकं फिरलंय, बायको मेल्यापासून!"

तेवढ्यात वहिनी उठून बसली. शांतपणे. माइक मागितला नाही, पण हॉल इतका गप्प होता की शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

"माझ्या चादरीवर पण काही नव्हतं. ह्यांनी दाढीच्या ब्लेडनं स्वतःचा अंगठा कापला आणि पुसला. पंचांनी मला खरी म्हटलं."

माझ्या पोरीनं तेही इंग्लिश केलं.

नवरी खुर्चीवरून उठली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "डिड यू नो अबाउट टुमॉरो?" त्यानं मान खाली घातली. ती स्टेजजवळ आली, पलंगावरच्या माझ्या भावाला म्हणाली, "आजोबा, नोबडी इज कमिंग टू माय रूम." आणि नवऱ्याला म्हणाली, "नॉट ईव्हन यू. नॉट टुनाइट." ती आईबापाच्या गाडीत बसून ग्वेल्फला गेली. तीन आठवड्यांनी परतली असं ऐकलं. कशी, काय बोलणं झालं, मला माहीत नाही. माझं तिच्याशी एवढंच काम होतं.

भाऊ त्यानंतर घराबाहेर पडला नाही. मंदिरात नाही, कुणाच्या बारशाला नाही. पुतण्यानं फोन करून मला शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. पुढं भाऊ आजारी पडला तेव्हा निरोप आला, एकदा येऊन जा, माफी मागायचीय. मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात."

तो गेला. मी गेलो नाही. मला झोप चांगली लागते.

वहिनी मात्र एकदा आली. ओकव्हिलहून बस बदलत, एकटी, ऐंशीच्या वयात. मी दार उघडलं. तिनं माझ्या बायकोच्या फोटोला हात जोडले आणि बराच वेळ उभी राहिली.

मी म्हटलं, "पन्नास वर्षं तुम्हाला माहीत होतं. एक दिवस तिच्याजवळ बसून सांगायचं होतं."

"हो," म्हणाली. "भीती वाटायची. तिला खोटी म्हणत होते तोवर मी खरी होते."

मी पाणी विचारलं नाही. चहा विचारला नाही. ती निघाली तेव्हा बाहेर फुटपाथवर बर्फ गोठलेलं होतं, कुणी फावड्यानं शोव्हल केलेलं नव्हतं. मी बसस्टॉपपर्यंत चार पावलं मागून चालत गेलो. हात दिला नाही. एकदा घसरली, खांबाला धरून सावरली.

बस वळणावर दिसली तेव्हा तिनं मागं बघितलं. रागानं नाही बोलली, सहज बोलली.

"भावजी, अंगठा तर तुम्हालापण होता."

बसचं दार उघडलं. ड्रायव्हरनं तिच्यासाठी पायरी खाली घेतली. ती चढून खिडकीशी बसली, पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही. मी हात खिशात घालून तिथंच उभा राहिलो, पुढची बस येऊन गेली तरी.