पिवळ्या पट्टीचा वॉर्ड

सरकारी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, पक्षाघाताच्या रुग्णांचा वॉर्ड होता. त्या वॉर्डच्या मुख्य परिचारिकेला समोर सगळे 'मोठ्या बाई' म्हणत आणि पाठीमागे 'कात्रीबाई'. कात्री त्यांच्या खिशात सदैव असे. बँडेज कापायचे असो वा एखाद्याचे लांबलेले बोलणे, दोन्ही कामे त्या सारख्याच सफाईने उरकीत. हे दुसरे नाव त्यांना ठाऊक होते. घरी त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत बसत, ते डोळ्यावरचे भिंग न काढताच म्हणत, "नाव चुकीचं नाही. फक्त धार किती आहे, ते अजून त्यांना कळलेलं नाही."

एके काळी या वॉर्डात प्रत्येक पाळीला पुरेशा परिचारिका असत. मग एक निवृत्त झाली. एकीची बदली झाली. एक बाळंतपणाच्या रजेवरून परतली ती थेट दुसऱ्या विभागात. प्रत्येक वेळी 'जागा लवकरच भरण्यात येईल' असे वरून उत्तर आले, आणि प्रत्येक वेळी बाईंनी त्यावर विश्वास ठेवला, कारण शिस्तीत वाढलेल्या माणसाला वरिष्ठांच्या शब्दावर अविश्वास दाखवणे हेही एक प्रकारचे बेशिस्त वर्तन वाटते. शेवटी पाळीला एकच परिचारिका उरली, आणि खाटा मात्र होत्या तितक्याच राहिल्या. किंबहुना दोन ओळींच्या मधल्या वाटेत आणखी काही वाढल्या.

पक्षाघात झालेल्या माणसाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला अन्न नाकातल्या नळीतून द्यावे लागते, आणि तेही उशाकडची बाजू उंच करून, नाहीतर अन्न फुप्फुसात उतरते. ज्याचे गिळणे अजून तपासलेले नाही, त्याला पाण्याचा थेंबही चालत नाही. यात कसलीही गूढ विद्या नाही. हात लागतात, आणि हातच नव्हते.

हात होते ते नातेवाइकांचे. खाटेशेजारी स्टुलावर दिवसचे दिवस बसलेल्या बायका, मुली, भाऊ, जावई. बाईंनी त्यांनाच कामाला लावले. भांडारात फाटक्या चादरींचा ढीग जाळण्यासाठी पडून होता आणि मुदत संपलेल्या औषधांच्या बाटल्याही होत्या. बाईंनी चादरींच्या पट्ट्या कापल्या आणि त्या जखमेच्या जुन्या औषधांत बुडवून रंगवल्या. लाल औषधातली पट्टी खाटेच्या पायथ्याला बांधली की अर्थ असा, की उशाकडची बाजू उंच करून नळीतून अन्न द्या. जांभळी म्हणजे वेळ झाली की कूस बदला. पिवळी म्हणजे तोंडातून नाही, नळीतूनही नाही, बाई स्वतः सोडतील तोवर काहीही नाही. कूस बदलायची वेळ झाली, की बाई स्टीलच्या ट्रेवर कात्री आपटीत, आणि साऱ्या वॉर्डातली माणसे एकदम उठून आपापल्या माणसाला वळवीत. ज्याला कोणी नव्हते, त्याला शेजारचा वळवी.

पिवळ्या पट्टीबाबत मात्र बाई कठोर होत्या. एका मुलीने मायेपोटी वडिलांना चमचाभर पाणी पाजले होते. ते पाणी फुप्फुसात गेले आणि वडील गेले. तेव्हापासून बाई प्रत्येक नव्या नातेवाइकाला उभे करून म्हणवून घेत, "पिवळी म्हणजे पिवळी. का म्हणून विचारायचं नाही, आणि कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही."

पाठीच्या जखमा कमी झाल्या. वॉर्डातला वास बदलला. ही बातमी जिना उतरून अधीक्षकांच्या खोलीत गेली, तिथून आणखी वर गेली, आणि एके दिवशी वरून कळवण्यात आले, की या 'अभिनव उपक्रमा'ची पाहणी करायला एक समिती येत आहे.

पाहणीच्या दिवशी सकाळीच अधीक्षकांनी बाईंना खाली बोलावून घेतले. अधीक्षक दुष्ट नव्हते. ते एके काळचे चांगले शल्यविशारद, पण आता त्यांच्या हातात चाकूऐवजी सतत फोन असे.

"बसा बाई. समिती विचारेल, मनुष्यबळ किती लागतं. तुम्ही सांगायचं, आहे त्यात भागतं."

"भागत नाही साहेब."

"भागतंय ना? जखमा कमी झाल्यात. मी स्वतः पाहिलंय."

"नातेवाईक राबतात म्हणून. मी दोन परिचारिका मागितल्यात, त्यांचं काय?"

अधीक्षकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "तेच सांगतोय. हा उपक्रम मंजूर झाला, की सगळ्या रुग्णालयांत लागू होईल. मग त्या दोन जागांची गरजच उरत नाही, असं वरचं मत आहे. मी मागून मागून थकलो बाई. निदान नाव तरी होऊ दे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग लागली म्हणून आपण बादल्यांनी पाणी ओतले, आणि बादल्या इतक्या छान फिरतात हे पाहून कोणी बंबच विकून टाकावा, तसे हे होते. गरजेपोटी केलेल्या तडजोडीला शाबासकी मिळते तेव्हा ती तडजोड राहत नाही, कायदा होते. अधीक्षक त्यांना समितीपुढे कोणत्या क्रमाने काय दाखवायचे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि सकाळ त्या खोलीतच सरली.

त्याच वेळी वर वॉर्डात जे घडले, ते बाईंना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. भांडारपाल हा टापटिपीचा माणूस. फाटक्या, औषधाचा वास येणाऱ्या चिंध्या समितीच्या नजरेस पडू नयेत, असे त्याला मनापासून वाटले. नव्या क्ष-किरण विभागाच्या उद्घाटनाला आणलेल्या चकचकीत सॅटिनच्या फितीचा अख्खा गुंडाळा त्याच्याकडे उरला होता. त्याने दोन सफाई कामगारांना हाताशी धरले, जुन्या पट्ट्या सोडवल्या, आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याला सॅटिनची सुबक गाठ मारून दिली. फीत पिवळी होती.

पाळीची तरुण परिचारिका त्या वेळी पलीकडच्या टोकाला सलाइन लावीत होती. तिची इंजेक्शने देऊन झाली होती. मधुमेह असलेल्या शिंप्याला तिने इन्सुलिन दिले होते, आणि आता त्याच्या बायकोने नेहमीप्रमाणे नळीतून पेज द्यायची होती, नाहीतर इन्सुलिनमुळे साखर भलतीच उतरते.

शिंप्याच्या बायकोने पेजेचे भांडे उचलले, फीत पाहिली, आणि भांडे झाकून ठेवले.

"आज सगळ्यांनाच बंद?" पलीकडच्या खाटेवरच्या भावासाठी आलेल्या ड्रायव्हरने विचारले.

"साहेब लोक येणार आहेत ना. तपासणी असेल काहीतरी."

"म्हणजे पोट रिकामं पाहिजे. ते ठीक आहे. साहेब लोकांचं भरलेलं असतं म्हणून आपलं रिकामं, हिशेब बरोबर बसतो."

"अहो, हळू बोला. पिवळीबद्दल बोलायचं नाही."

"मी कुठे विचारतोय? मी आपलं स्वतःशी बोलतोय."

आणि कोणीही विचारले नाही. साऱ्या वॉर्डाने ती सकाळ पेज झाकून ठेवून, बाईंच्या शिकवणीला जागून काढली.

समिती आली तेव्हा वॉर्ड इतका शांत होता, की समितीच्या अध्यक्षबाई दारातच म्हणाल्या, "वा, काय शिस्त आहे." मोठ्या बाई त्यांच्या मागून आत शिरल्या. पहिल्या खाटेला पिवळी. दुसरीला पिवळी. ओळीच्या टोकापर्यंत पिवळीच. क्षणभर त्यांना वाटले, आपलेच डोळे गेले. मग त्यांना शिंप्याचे कपाळ दिसले. त्यावर घाम डवरला होता, ओठ पांढुरके पडले होते आणि जबडा एका बाजूला लोंबत होता.

"पेज दिली का?"

"नाही बाई. पिवळी आहे ना." शिंप्याच्या बायकोने झाकलेल्या भांड्यावर हात ठेवला. "पाण्याचा थेंबही नाही दिला. ह्यांनी डोळ्यांनी खूणसुद्धा केली, पण मी नाही दिला."

बाईंनी पुढचा शब्द ऐकला नाही. बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहिली. ती तळाला गेली होती. तरुण परिचारिका धावत आली आणि दोघींनी मिळून शिंप्याच्या शिरेत ग्लुकोज सोडले. अधीक्षक जुन्या सवयीने पुढे झाले आणि त्यांनी त्याचा हात स्थिर धरला. समिती भिंतीला चिकटून उभी होती. बऱ्याच वेळाने, किंवा तसे वाटण्याइतक्या वेळाने, शिंप्याच्या पापण्या हलल्या. त्याने बायकोकडे पाहिले. ती बाईंना चिकटून उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझं काही चुकलं का? तुम्हीच शिकवलं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही आजी," बाई म्हणाल्या. न विचारण्याची शिकवण त्यांनीच दिली होती. पण ती द्यावी लागली, कारण विचारले असते तर उत्तर द्यायला माणूस कुठे होता?

अध्यक्षबाई पुढे आल्या. त्या प्रामाणिक दिसत होत्या. "सिस्टर, पद्धतीत दोष आहे असं म्हणायचं का मग? रंगांचं प्रमाणीकरण करावं लागेल."

"मॅडम, हा फक्त भांडाराचा घोळ," अधीक्षक म्हणाले. "पद्धत उत्तमच आहे. बाई, तुम्हीच सांगा ना मनुष्यबळाबद्दल."

बाईंनी खिशातून कात्री काढली. पहिल्या खाटेपासून सुरुवात करून त्या एकेक फीत कापीत ओळीने निघाल्या आणि चालता चालता बोलू लागल्या.

"पद्धत चांगली आहे. पट्टी सांगते, काय करायचं. पण माणसाला घाम आला, हे पट्टीला दिसत नाही. ते पाहायला कोणीतरी लागतं. आज सकाळी इथे सगळ्यांनी नियम पाळला, एकानेही मोडला नाही, आणि एक माणूस जाता जाता राहिला. मी सांगणार नाही की आहे त्यात भागतं. मला दोन परिचारिका हव्यात. ही चादर फाडायची कल्पना मला सुचली, कारण त्या दोघी नव्हत्या. तुम्ही ती कल्पना उचलून त्या दोघींनाच नाहीसं करणार असाल, तर मला तुमची शाबासकी नको."

शेवटची फीत कापली गेली तेव्हा ड्रायव्हर अगदी मऊ स्वरात म्हणाला, "झालं उद्घाटन."

समिती निघून गेली. बाईंनी भांडारपालाकडून जुन्या चिंध्या परत आणवल्या. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "मला वाटलं, तेवढंच जरा बरं दिसेल." बाईंना त्याचा राग आला नाही. त्याला अर्थ कोणी सांगितला नव्हता, आणि सांगायला जिना उतरून जाण्याइतकी उसंत त्यांना स्वतःला कधी मिळाली नव्हती. त्यांचा सारा राग वर, जिथून 'लवकरच' येत असे, तिकडे वळला.

काही दिवसांनी खरोखरच एक परिचारिका वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पिशवी, चेहऱ्यावर संकोच. नातेवाइकांनी तिच्याकडे असे पाहिले, जसे दुष्काळी गावात टँकरकडे पाहतात.

"कुठून आलीस गं?"

"वरच्या मजल्यावरून. मुलांच्या वॉर्डातून."

"तिथे तुझ्या जागी कोण?"

मुलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कोणी नाही बाई. तिथे पट्ट्या लावणार आहेत म्हणे. तुमच्यासारख्या. सॅटिनच्या, तीन रंगांत आल्यात."

सगळ्या पट्ट्या फाडून टाकाव्यात, असे बाईंच्या मनात आले. पण पट्ट्या काढल्या, तर त्या दुपारी कोणाची कूस बदलली जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. आणि ते त्यांना ठाऊक आहे, हे वर बसलेल्यांनाही ठाऊक होते. सारा कारभार त्या एका खात्रीवर चालला होता, की ही बाई काम टाकणार नाही.

"परत जा," त्या म्हणाल्या.

"पण ऑर्डर आहे बाई."

"मी खाली जाऊन बोलते. तू मुलांकडे जा. तुला इथे पाठवणाऱ्याने तिथली तान्ही पोरं पाहिली नसतील. त्यांना ना पट्टी वाचता येते, ना शेजारच्याला वळवता येतं."

मुलगी जिना चढून गेली. बाई खाली निघाल्या, आणि दारातच थांबल्या. कूस बदलायची वेळ झाली होती. ड्रायव्हरने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि हात पुढे केला.

"कात्री द्या इकडे. ट्रे वाजवायला काही डिग्री लागत नाही. तुम्ही जा."

आयुष्यात प्रथमच बाईंनी ती कात्री दुसऱ्याच्या हातात दिली. जिना उतरताना त्यांच्या पाठीमागे स्टीलवर ठोका पडला आणि साऱ्या वॉर्डातल्या खाटा एकदम करकरल्या.

अधीक्षकांच्या दाराबाहेर शिपाई म्हणाला, "मीटिंग चालू आहे." बाई त्याच्या शेजारून आत गेल्या, टेबलासमोरची खुर्ची कोणी सांगण्याआधी ओढली आणि बसल्या. खोलीतले बोलणे थांबले. अधीक्षकांनी फोन पालथा ठेवला.

"दोन म्हणाले होते मी साहेब," बाई म्हणाल्या. "आणि मुलांच्या ताटातली काढून दिलेली एकही नको. आज उत्तर मिळेपर्यंत मी इथून उठणार नाही. वर माझं काम चाललंय."