डोंगर न चढणाऱ्या माणसाची घड्याळं

समुद्रसपाटीपासून नेमके किती मीटर उंचीवर आपण जेवायला बसलो आहोत, हे कळल्याशिवाय पहिला घास न उचलणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता आणि नेमकी त्यालाच आम्ही बहीण दिली. आमचे भावोजी मुरबाडला एका सरकारी कचेरीत कारकून. गुडघे धरलेले, पोट सुटलेलं, पायात बारा महिने चप्पल. मुरबाडच्या भोवती एवढे डोंगर. शनिवार-रविवारी मुंबईची पोरं पाठीवर बोचकी घेऊन ते चढायला येतात. भावोजी जन्मात एकाही डोंगरावर चढले नाहीत. पण त्या पोरांच्या मनगटावर असतात तसली घड्याळं, म्हणजे उंची सांगणारी, दिशा दाखवणारी, हवेचा दाब आणि तापमान मोजणारी, शंभर मीटर खोल पाण्यातही न बिघडणारी, अशी पाच घड्याळं त्यांच्याकडे होती. ती घालून ते फायलींना दोरा बांधायचे आणि बादलीतल्या पाण्याने आंघोळ करायचे. कशाला हवी होती ही घड्याळं, असं त्यांना कोणी विचारलं तर ते आश्चर्याने बघायचे. कशाला म्हणजे? मौज वाटते म्हणून. मी शहापूरला मास्तर आहे, स्वभावाने रडका आहे आणि मौज वाटते म्हणून मी आजवर काहीच केलेलं नाही, त्यामुळे हे उत्तर मला फार दिवस कळलं नाही.

पहिलं घड्याळ नव्वद सालानंतर केव्हातरी आलं. पाय मुरगळलेला एक डोंगरवाला तरुण गाडीची वाट बघत भावोजींच्या ओटीवर बसला होता. भावोजींनी त्याच्या पायाची चौकशी एकदा केली आणि मनगटावरच्या घड्याळाची तासभर. त्या भल्या माणसाने पुढे आपलं जुनं घड्याळ टपालाने पाठवून दिलं. बाकीची चार आखातात नोकरीला असलेल्या एका मित्राने दर सुट्टीला एक अशी आणली. माझ्या ताईचा जुना पितळी मिसळणाचा डबा होता, त्यातल्या वाट्यांत ती पाचही मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. सातातल्या दोन वाट्या रिकाम्या राहिल्या याचं भावोजींना वाईट वाटे आणि मिसळणाचा डबा गेला याचं ताईला.

एक घड्याळ भरती-ओहोटी सांगायचं. मुरबाडपासून समुद्र किती लांब, हे ज्याने त्याने बघावं. पण रात्रीच्या जेवणाला आमटी वाढली जात असताना भावोजी एकदम गंभीर होऊन म्हणायचे, "भरती लागली हां," आणि आम्ही सगळे ताटं सावरून बसायचो. एक घड्याळ उन्हावर चालणारं होतं. ताई अंगणात पापड वाळत घाली तेव्हा त्याच चादरीच्या कोपऱ्यात भावोजी ते ठेवत आणि "त्याला जेवायला बसवलंय, कावळ्याकडं ध्यान ठेव गो," असं बजावून कचेरीत जात. तापमानाची तर निराळीच गंमत. घड्याळ हातात असलं की ते अंगाची ऊब मोजतं, म्हणून खरं तापमान बघायला ते काढून वीस मिनिटं खिडकीत ठेवावं लागायचं. पाहुणा घामाने निथळतोय, रुमालाने वारा घेतोय, पण उकडतंय की नाही हे भावोजी घड्याळ थंड झाल्याशिवाय कबूल करायचे नाहीत. ताई एकदा तापाने फणफणली होती. तिच्या मनगटाला घड्याळ बांधून भावोजींनी आकडा वाचला आणि म्हणाले, "तेहतीस. ताप नाय तुला, उलट कमीच हाय." त्यानंतर ताई जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही.

त्यांच्यापायी आम्ही एकदा भर गावात तोंडघशी पडलो. भावकीतल्या एका म्हाताऱ्या काकांचा दहावा होता. नदीकाठी पिंड ठेवलेला, सगळे उन्हात उभे, कावळा काही शिवेना. कोणी म्हणे म्हशीची इच्छा राहिली, कोणी म्हणे धाकट्या मुलीची. मुलाने हात जोडून दोन्हींची हमी दिली. शेवटी एक कावळा उतरला, दोन पावलं टाकली, मान वाकडी केली, आणि नेमके त्या क्षणी अकरा वाजले. भावोजींच्या दोन्ही हातांत घड्याळं होती आणि दोघांत तीन सेकंदांचं अंतर होतं. आधी डावं वाजलं, मग उजवं. कावळा जो उडाला तो दुपारी एकपर्यंत फिरकला नाही. एवढ्या माणसांत भावोजींना रागावलं नाही असं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांचे थोरले बंधू. "काका घाईत नव्हतेच कदी," एवढंच दादा म्हणाले आणि झाडाखाली टेकले.

दादा वैशाखऱ्याला असत. माळशेजच्या रस्त्याला घर, घरामागे सामाईक भाताचं शेत. शेत दादा आणि वहिनी कसायचे आणि तांदूळ दोन्ही घरांना वर्षभर पुरायचा. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडून विळा धरला म्हणून भावोजी शिकले. ही गोष्ट दादा कधी बोलले नाहीत आणि भावोजी कधी विसरले नाहीत. भावोजींच्या घड्याळांवर साऱ्या गणगोतात विश्वास ठेवणारा माणूस म्हणजे दादा.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. ही घड्याळं उंची मोजतात ती हवेच्या दाबावरून. वर चढलं की हवा हलकी होते, खाली उतरलं की जड. पण पाऊस यायचा असला तरी हवा हलकीच होते आणि आभाळ उघडायचं असलं की जड. बिचाऱ्या घड्याळाला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही. त्यामुळे पावसाळी हवा आली की ओटीवर पाट मांडून बसलेले भावोजी जाहीर करायचे, "मास्तर, आज घर चाळीस मीटर वर गेलंय. पाऊस येनार." आतून ताई ओरडायची, "वर गेलंय ना, मग कौलं हाताला लागत असतील. तेवढी चाळून घ्या." ती कौलं बाकी माणूस लावूनच चाळली जायची. पण पाऊस मात्र बऱ्याचदा यायचा, हे मलाही कबूल करावं लागेल.

म्हणून दरवर्षी भात पिवळं पडलं की दादा वैशाखऱ्याच्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच आडवं पसरून सुकवावं लागतं आणि त्या दोन-तीन दिवसांत पावसाने गाठलं की वर्ष गेलं. दादांचा प्रश्न ठरलेला असे : "काय बोलतंय रे तुजं घड्याळ?" तो ऐकला की भावोजी फोनवर ताठ उभे राहत. पाचही घड्याळं ओळीने मांडलेली असत. मग दाब, कालचा दाब, परवाचा दाब, असं सगळं साग्रसंगीत सांगून शेवटी "काप दादा" किंवा "थांब दादा." कचेरीत त्यांना साहेबापासून शिपायापर्यंत कोणी काही विचारत नसे. वर्षातला हा एक फोन त्यांना दिवाळीला पुरायचा.

त्या वर्षी दसरा होऊन गेला तरी आभाळ झाकलेलं होतं. भात तयार होऊन उभं, आणखी थांबलं तर दाणा शेतातच गळणार. दादांचे दोन फोन येऊन गेले होते, दोन्ही वेळा भावोजींनी थांब म्हटलं होतं. मधेच भाचीच्या साखरपुड्यासाठी ते डोळखांबच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावर जीपने गेले, रात्री तिथेच राहिले आणि सकाळी उतरून मुरबाडला घरी आले. मनगटाकडे बघतात तर दाब रात्रीपेक्षा चांगला चढलेला. एका रात्रीत एवढा चढलेला दाब त्यांना आठवडाभर दिसला नव्हता. त्यांनी डब्यातली बाकीची घड्याळंही काढली नाहीत की दादांच्या फोनची वाट बघितली नाही, स्वतःच बूथवर निरोप ठेवून दादांना फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, "दादा, काप. सगळं काप. उघडीप हाय."

दादांनी आणि वहिनींनी चार माणसं लावून दोन दिवसांत सगळं शेत कापलं. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस लागला, तो तीन दिवस पडला.

मी चौथ्या दिवशी गेलो. भावोजी ओटीवर बसले होते. मनगट उघडं होतं, तिथे घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वळ तेवढा होता. मला बघून त्यांनी पाट सरकवला. मग म्हणाले, "मास्तर, हवा नव्हती रे चढली. मी उतरलो होतो." मला आधी काही समजेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "डोंगरावरनं मी खाली आलो. मी उतरलो, म्हणून दाब चढला. आभाळ होतं तसंच होतं." रोज घर वरखाली करणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचू नये! पण आनंदात असलेल्या माणसाला सुचत नाही हेच खरं. दादांनी दोनदा विचारलं होतं, दोनदा नाही म्हणावं लागलं होतं, आणि त्यांना काहीतरी चांगलं सांगायची भावोजींना घाई झाली होती.

शेतात भाताला मोड आले होते. जे हाताला लागलं ते झोडून, वाळवून कांडलं तर तांदूळ काळपट निघाला, कुबट वासाचा. भावोजी वैशाखऱ्याला जाऊन दादांसमोर उभे राहिले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. दादा म्हणाले, "असू दे." बस्स, एवढंच. भावोजींनी आपल्या वाट्याचा तांदूळ मागून घेतला आणि वर्षभर तोच खाल्ला. ताई माझ्यासाठी दुकानातला भात वेगळा लावायची. एका पंगतीत माझ्या ताटात पांढरा भात आणि त्यांच्या ताटात काळा, आणि उंची सांगायची बंद झालेली. त्या घरी जेवायला बसणं मला नकोसं झालं.

पुढच्या वर्षी भात पिकलं. भावोजी कचेरीतून धावत घरी येत आणि फोनजवळ बसत. दादांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नाही, त्याच्याही पुढच्या वर्षी नाही. सणावाराला जाणंयेणं होतं, दादा प्रेमाने बोलायचे, कोंबडी कापायचे, पण भाताच्या दिवसांत फोन नाही. भावोजींनी ती शिक्षा मानून घेतली. एका शब्दाने तक्रार केली नाही. मिसळणाचा डबा फळीवर गेला. आत एकेक घड्याळाची बॅटरी संपली, उन्हावरचं अंधारात मिटलं. "विकून टाका तरी," मी एकदा म्हणालो. "कोनाला विकू?" ते म्हणाले, "अजून कोनाचं भात भिजवू?" माणूस हळूहळू विझत जाताना मी पाहिला आहे, आणि त्याला कोणी धरून ठेवत नाही हेही पाहिलं आहे. मला तरी कुठे काय करता आलं?

अशी पाच वर्षं गेली. सहाव्या वर्षी, ऐन कापणीच्या तोंडावर, दादांनी अंथरूण धरलं. दमा छातीत उतरला होता. मी आणि भावोजी वैशाखऱ्याला गेलो तेव्हा ते पडवीत बाजेवर उशीला टेकून बसले होते. समोर शेत पिवळं झालेलं, वर डोंगराला ढग लागलेले. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. दादांनी भावोजींकडे बघितलं आणि विचारलं, "काय बोलतंय रे तुजं घड्याळ?"

भावोजींनी उघडं मनगट पुढे केलं. "घड्याळ नाय घातलं, दादा."

"मग तू सांग."

भावोजी उठून अंगणात गेले, डोंगराकडे बघत उभे राहिले आणि परत आले. पाच वर्षांचं साठलेलं सगळं त्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "मला नाय कळत, दादा. मला तवाबी नाय कळलं. तुजा घास घालवला मी."

दादा हसायला गेले, त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते थांबत थांबत बोलले. "मला तरी कुठं कळतंय? चाळीस वर्सं कापतोय. बगायचं वर, आनि लागायचं. कदी निगतं, कदी भिजतं."

"मग मला का विचारायचास?"

"तू खूस व्हायचास. फोनवर तुजा आवाजच बदलायचा."

भावोजी खाली, बाजेच्या पायाशी बसले. त्यांनी विचारलं, "मग पाच वर्सं का नाय विचारलंस?"

"तू घाबरशील म्हनून," दादा म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा हा पन्नाशीतला कारकून भावाच्या पायाला धरून लहान पोरासारखा रडत होता आणि मी, शहापूरचा मास्तर, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. भात दुसऱ्या दिवशी कापायला घेतलं. शेवटी एक सर येऊन गेली, थोडं भिजलं, बरंचसं निघालं. त्या नव्या तांदळाची पेज दादांनी दोन-तीन महिने घेतली. होळीच्या आधी ते गेले.

भावोजी आता दरवर्षी कापणीला रजा टाकतात आणि वैशाखऱ्याला जातात. कधी कापायचं ते वहिनी ठरवतात. भावोजी गुडघे धरत, वाकत, चार पेंढ्या कापतात आणि बांधावर बसतात. हातात पुन्हा एक घड्याळ आलं आहे. वहिनी त्यांना काही विचारत नाहीत. त्यांच्या ते ध्यानातच येत नाही.

मीच विचारतो. आश्विन लागला की शहापूरहून फोन लावतो आणि म्हणतो, "भावोजी, काय म्हणतंय घड्याळ?" पण मला ना शेत, ना कापणी. पाऊस आला तर माझी फार तर छत्री भिजेल. हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मी का विचारतो हे त्यांना कळलेलं आहे हे मलाही ठाऊक आहे. तरी ते सांगतात. कालचा दाब, परवाचा दाब, सगळं ओळीने सांगतात. आवाज बदलतो का म्हणून मी कान देऊन ऐकत राहतो. तो बदलत नाही.