कट्ट्यावरचं टपाल

उमरग्यात भुवनेश्वरीला ‘बिचारी’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा ब्लाउज मी शिवत नाही. दुसरीकडं जा म्हणते सरळ. बिचारी म्हणे! एकदा तिच्या तोंडाला लागून बघा, मग कळेल बिचारं कोण ते.

आमच्या गल्लीत तिच्या भावाचं, शरणबसप्पाचं, म्हणजे अण्णाचं, अडत दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांना लागून, भुवनाचं टेबल. माझं शिलाईचं दुकान भिंतीला भिंत लावून, त्यामुळं तिकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो आणि ऐकायची मला हौसही आहे. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. अंधशाळेत शिकली, तिथंच कॉम्प्युटर शिकली. पडद्यावर जे असेल ते तिचा कॉम्प्युटर बोलून दाखवतो, तेही इतक्या भराभर की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. ती मात्र चहा पीत पीत ऐकते.

आमच्याकडं घरोघर एक रीत आहे. ईमेल घराला एकच, आणि तो कर्त्या पुरुषाच्या मोबाइलवर. गॅस असो, पोरांची शाळा असो, बायकांचा अर्ज असो, पत्ता तोच. भुवनानं सोलापूरच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा पत्ता अण्णाचाच दिला. बोलावणं आलं. अण्णानं वाचलं आणि ‘ही एकटी कुठं जाणार’ म्हणून पुसून टाकलं. तिला कळलं तोवर जागा भरून गेली होती. अण्णा काही दुष्ट माणूस नाही. बहिणीच्या ताटात आधी तूप वाढतो. पण मायेनं गळा दाबला तरी जीव जायचा तो जातोच.

भुवना रडली नाही. तिनं कट्टा काढला.

कट्टा म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, इन्व्हर्टरवर सदा चालू. त्यावर एक फलक. फोनवरून नाहीतर कॉम्प्युटरवरून तिथं जायचं, आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकायचा, की गप्पा, बातम्या, एकमेकांना चिठ्ठ्या. नुसती अक्षरं, चित्र औषधाला नाही. येरमाळ्यापासून ढोकीपर्यंतचे अंध लोक त्यावर जमू लागले. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्यांचा फोन सकाळभर ‘फोटो, फोटो, फोटो’ एवढंच बडबडायचा, कारण लोक शुभ सकाळचे गुलाब टाकत बसायचे. इथं सगळं वाचता यायचं.

पण कट्ट्यावरची चिठ्ठी कट्ट्यावरच राहायची. बाहेरचा ईमेल आत येत नव्हता. म्हणजे बँकेनं, कॉलेजनं पत्ता मागितला की पुन्हा दादाचा, काकाचा, अण्णाचा मोबाइल.

‘‘माझ्या कट्ट्यावरच्या हरेक माणसाला सोताचा पत्ता पाहिजे,’’ भुवना म्हणाली. ‘‘सोताचं दार, सोताचं कुलूप.’’

‘‘तुला जमणार हाय का ते?’’ अण्णानं विचारलं. ‘‘मोठ्या कंपन्यांची कामं ती.’’

‘‘न जमायला काय झालं? त्या कंपन्यांतबी माणसंच बसल्यात न्हवं?’’

मग तिनं कट्ट्यासाठी इंटरनेटवर एक नाव विकत घेतलं. घरच्या लाइनवर मेल थेट उतरू देत नाहीत, म्हणून लांब कुठंतरी एक मशीन भाड्यानं घेतलं. बाहेरचा मेल आधी त्या मशीनवर उतरणार, एसटी स्टँडवर पाव्हणा उतरतो तसा. तिथं त्याला विचारायचं, कुणाकडं आलास? नाव कट्ट्याच्या माणसांत असलं, की त्याला इकडं पाठवायचं आणि त्या माणसाच्या पेटीत टाकायचं. ऐकायला सोपं. पण तिचा पहिला मेल दोन्हीकडं नुसता हेलपाटे घालत बसला. ते मशीन म्हणे हा कट्ट्याचा, कट्टा म्हणे हा त्या मशीनचा. भुवनानं दोघांनाही अस्सल कानडीत शिव्या घातल्या. सेटिंगची एकेक ओळ ऐकायची, बदलायची, पुन्हा ऐकायची. असं करत एका दुपारी तिच्या पेटीत माझा मेल येऊन पडला. त्यात मी लिहिलं होतं, ‘जेवलीस का?’ ती एवढ्या जोरात ओरडली की दुकानातले हमाल मागं पळत आले.

राहिला एकच प्रश्न. ज्याचं नाव त्या मशीनला सापडत नाही, त्याच्या मेलचं काय करायचं? इथं भुवनानं तिचे वडील, अप्पा, करायचे तेच केलं. पूर्वी साऱ्या गल्लीचं टपाल याच अडत दुकानात पडायचं. अप्पा ते उघडायचे, वाचायचे आणि सांगावा धाडायचे, ‘अरे, पोरगी पास झाली रे तुझी!’ बातमी मालकाच्या आधी साऱ्या गल्लीला कळायची, आणि यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. उलट अप्पांचं केवढं कौतुक! तर भुवनानं ठरवून टाकलं, बेवारशी मेल माझ्या पेटीत येऊ दे, मी पोचता करीन.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका खेड्यात रुद्रम्मा नावाची पोरगी राहते, चुलत्याकडं. तीही अंध. नुकतीच कट्ट्यावर आली होती. भुवनानं तिला कट्ट्यावर घेतलं, पण त्या लांबच्या मशीनला तिचं नाव कळवायचं राहून गेलं. आणि नेमका रुद्रम्माच्या नावचा मेल आला. मशीनला नाव सापडलं नाही, मेल भुवनाच्या पेटीत पडला आणि कॉम्प्युटरनं तो वाचून दाखवला. सोलापूरच्या एका दवाखान्यात टेलिफोनवर बसायची जागा, मुलाखतीचं बोलावणं.

भुवनाला आनंद मावेना. आपलं हुकलं ते हिला मिळतंय! तिनं रुद्रम्माला फोन लावला. बंद. मग अप्पांच्याच थाटात चुलत्याला लावला. ‘‘शांतलिंगकाका, पेढे काढा! तुमच्या रुद्रीला सोलापूरचं बोलावणं आलंय!’’

पलीकडून फोन कट झाला.

रुद्रम्मानं अर्ज घरी न सांगता केला होता. बोलावणं हातात पडल्यावर, जायच्या दिवशीच सांगायचं असं तिचं ठरलं होतं. चुलत्यानं तिचा फोन काढून घेतला. ‘‘आंधळ्या पुतणीला कामाला धाडलं म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील,’’ हे त्याचं म्हणणं.

बाजारच्या दिवशी चुलतीचा हात धरून रुद्रम्मा दुकानात आली. काठी आपटत थेट मागच्या खोलीत.

‘‘माझा मेल तुमी कशापायी वाचला, अक्का?’’

‘‘अगं, चुकून आला माझ्याकडं...’’

‘‘चुकून आला. पण काकाला फोन चुकून केला व्हय? तुमच्या अण्णानं तुमचं पुसलं, तुमी माझं वाजवून सांगितलं. फरक काय सांगा बरं? तुमीबी शरणूअण्णाच निघालात.’’

भिंतीपलीकडं माझं शिलाईचं मशीन थांबलं. भुवनाला कुणी असं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला तर त्या पोरीचा राग आला. पण राग येऊन करता काय, खरं बोलत होती.

ती गेल्यावर भुवनानं कॉम्प्युटर पुढं ओढला. रुद्रम्माचं नाव मशीनला कळवलं. मग स्वतःकडं येणारी ती वाट तोडून टाकली. आता ज्याचं नाव सापडणार नाही त्याचा मेल ज्यानं पाठवला त्यालाच परत, ‘इथं असं कुणी नाही’ असं सांगून. अण्णा दारात उभा राहून ऐकत होता.

‘‘अगं, एखाद्याचा महत्त्वाचा मेल परत गेला तर? अप्पांनी कधी कुणाचं टपाल परत धाडलं न्हाय.’’

‘‘जाऊ दे परत. पाठवणारा पुन्यांदा पाठवील. पण दुसऱ्याच्या हातात पडलेलं पुन्यांदा झाकता येत न्हाय, अण्णा.’’

अण्णा वळून तराजूपाशी गेला. त्याला काय आठवलं ते तिलाही ठाऊक होतं.

मग ती माझ्याकडं आली. ‘‘समृद्धी, स्कूटी काढ.’’

शांतलिंगकाका अंगणात बाजेवर बसले होते. भुवना मधोमध उभी राहिली. आवाज ऐकून शेजारपाजारच्या बायका कुडाला येऊन टेकल्या. येऊ देत म्हटलं, बघू देत.

‘‘काका, तुमाला फोन केला ही चूक माझी. त्याबद्दल रुद्री मला काय बोलायचं ते बोलली. पण मुलाखतीला ती जाणार.’’

‘‘तिला नेणार कोण? तुमी? आंधळी आंधळीला नेणार?’’

‘‘व्हय, नेणार! तुमाला दोन डोळे हायत, तुमी कुठं नेलं आजवर तिला?’’

कुडापाशी कुणीतरी फिसकन हसलं. काकांचं तोंड उतरलं. तेवढ्यात रुद्रम्मा घरातून बाहेर आली.

‘‘अक्का, मी तुमच्या संगटबी जाणार न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘माझी मी जाते. आन् काका, माझा फोन द्या.’’

भुवनाचा चेहरा असा फुलला की जणू तिलाच नोकरी लागली. ‘‘हे बेस,’’ ती म्हणाली. ‘‘चल समृद्धी, आपलं काम झालं.’’

रुद्रम्मा गेली, काठी घेऊन, सोलापूरच्या एसटीत. काका त्याच गाडीत शेवटच्या सीटवर बसून गेले, तिला न सांगता. सांगायची गरजही नव्हती. त्यांचा खोकला तिनं बसल्या बसल्या ओळखला होता आणि मुकाट बसू दिलं होतं.

पुढं काही आठवड्यांनी भुवनाच्या कॉम्प्युटरनं नेहमीची नोंद वाचली: रुद्रम्माच्या पेटीत सोलापूरचा मेल पोचला. एवढंच. दुपारी शांतलिंगकाका मोटरसायकलवरून घामाघूम होऊन दुकानात. तिकडं घरी रुद्री कानाला फोन लावून मेल ऐकत बसली, मग उठून परसात गेली, आणि विचारायला त्यांची जीभ रेटेना.

‘‘काय आलंय वो? लागली का न्हाय पोरगी?’’

‘‘मला काय ठाऊक?’’ भुवना म्हणाली.

‘‘म्हंजी? सगळं मशीन तुमचं. तुमाला त्यातलं वाचता येत न्हाय?’’

‘‘येतंय की. वाचत न्हाय.’’

अण्णा तराजूपाशी उभा होता. त्यालाही राहवेना. ‘‘भुवना, बघून सांग की. मानूस एवढ्या लांबनं आलंय. बरी बातमी असंल तर...’’

‘‘बरी असो न्हायतर वंगाळ असो, तिची हाय. तिच्या घरचं मानूस इथं कशापायी इचारतंय?’’

खरं सांगते, जीव माझाही टांगणीला लागला होता. मी भिंतीपलीकडून ओरडले, ‘‘अगं, मला तरी सांग!’’

‘‘तूबी तिलाच इचार!’’

शांतलिंगकाका थोडा वेळ पोत्यावर टेकले. अण्णानं पाणी दिलं, ते प्यायले. मग उठले, चपला घातल्या आणि मोटरसायकलला किक मारली. पुतणीला तिची गोष्ट विचारायला तो माणूस पहिल्यांदाच निघाला होता.