पाणी उतरलेला हिरा

“पाणी उतरलंय का ह्याचं, एवढंच विचारलं मी.”

“तेच विचारायला नको होतं,” सविता नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली. “बघा, ती पोरगी कशी पांढरी पडली.”

“का? माल घ्यायचा तर पाणी उतरलेलाच घ्यावा. नाय उतरलं तर आंबट लागतो.”

“अहो, नाकातल्या चमकीत बसवायचाय तो. खायचा नाहीये.”

सराफ बाजारातल्या त्या दुकानात काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या हर्षालीला खरंच घाम फुटला होता. तिच्या धंद्यात पाणी म्हणजे हिऱ्याचं तेज. ते उतरलेला खडा विकायला ठेवलाय असं म्हणणं म्हणजे थेट अब्रूवर घाला. आणि सोमनाथरावांच्या दिंडोरीच्या बागेत पाणी उतरतं तेव्हा द्राक्षाचा मणी मऊ पडतो, गोडी भरू लागते, व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

सोमनाथरावांचा जन्मच पारखण्यात गेलेला. कलिंगड टिचकी मारून, दोर ताणून, जावई चार पावलं चालवून. इंदिरानगरचा फ्लॅट त्यांनी भिंतींवर टकटक करून घेतला. सविताच्या साड्या उजेडात ताणून त्यांनीच घेतल्या, चपला वाकवूनही त्यांनीच. तिला बघायला आले तेव्हा आधी पोह्यांची बशी उचलून खालून पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत एक वस्तू म्हणून तिने एकटीने निवडली नव्हती. ही चमकी मात्र तिच्या शिवणकामाच्या पैशांतली होती, आणि खडा आपणच निवडायचा हे ती घरूनच ठरवून आली होती. नवऱ्याला आणलं ते फक्त गाडी चालवायला.

हर्षालीने धीर एकवटून खडे पांढऱ्या कागदावर मांडले आणि समजावायला घेतलं. नुसत्या आकारावर जाऊ नका; पैलू नीट पडले नसतील तर उजेड आत शिरतो आणि तिथेच झोपतो. चांगल्या पैलूंचा बारका खडासुद्धा नाकावर लखलखतो. पिवळी झाक अशी कागदावर ठेवली की कळते. आत ठिपका असेल, पण तो भिंगातूनच दिसत असेल, तर काही बिघडत नाही. तुमच्या नाकाला भिंग लावून कोण बघणार?

“हे बघतील,” सविता म्हणाली.

ह्यांनी भिंग डोळ्याला लावलंही होतं. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पिवळसर खडा त्यांनी बाजूला काढला. पिवळी झाक म्हणजे साखर भरलेली, ह्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. काका, हिऱ्यात उलटं असतं, बिनरंगी तो वरच्या प्रतीचा, असं हर्षालीने सांगून पाहिलं. काकांनी ते औषध कंपनीच्या एजंटाचं ऐकावं तसं ऐकलं. खडा उजेडाला धरला, दोन बोटांत फिरवला, आणि मग हात सवयीने जिथे जायचा तिथे गेला. म्हणजे तोंडात.

काउंटरपलीकडून दोन हात एकदम पुढे आले.

“काका,” हर्षाली अगदी हळू म्हणाली, “गिळू नका. बोलूही नका.”

गिळला नव्हता. पण मागच्या किडक्या दाढेत तो असा जाऊन बसला होता, की सोनाराच्या कोंदणातही इतका नेटका बसला नसता. हर्षाली बारीक चिमटा आणायला आत धावली. सोमनाथराव आ वासून, मान वर करून छताकडे बघत राहिले.

आणि सविताच्या लक्षात आलं, की हे बोलू शकत नाहीत.

तिने आरसा पुढे ओढला. एकेक खडा बोटाच्या टोकावर घेऊन नाकाशी धरला. मोठे खडे नाकावर माशी बसल्यासारखे दिसत होते. एक बारका मात्र, मान हलवली की लुकलुकायचा आणि थांबली की शहाण्यासारखा गप्प बसायचा. तिने भिंगाला हातच लावला नाही. मागून “आँ, आँ” असा सूर लागला. त्याचा अर्थ काहीही असेल, तिला फक्त मराठी कळत होतं.

दाढेतला हिरा निघेपर्यंत सविताचा खडा आतल्या कारागिराकडे जाऊन चमकीत बसला होता, फोनवरून पैसे गेले होते आणि चमकी नाकात चढली होती. सोमनाथरावांनी जबडा दोन्ही हातांनी जागेवर आणला.

“कोणता घेतलास? मला न दाखवता घेतलास?”

सविताने पदर नाकावर ओढला, काचेचं दार ढकललं आणि उन्हात निघून गेली.