महामायाच्या आवाजाखाली

आनंदराजला नांदेडात बेसवाला म्हणून सगळे ओळखतात, पण जेवायला कुणी बोलवत नाही. आता यात त्याचाही हात आहे म्हणा. माणूस ताटावर बसला तरी डाव्या हाताची बोटं मांडीवर नाचत असतात. समोरचा काय बोलतोय तिकडं लक्ष नाही, आणि वाटीतलं वरण निवून त्यावर साय धरते. माझ्या बायकोनं एकदा त्याला सरळच विचारलं, "भावजी, तुमी जेवाया आलाव का सराव कराया?" तो हसला. पुन्हा आला नाही.

मी व्यंकटी. भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतो. आनंदराज आणि मी एकाच गावचे, बिलोलीच्या अलीकडचे. दोघंही नांदेडला पोट भरायला आलो आणि एका ऑर्केस्ट्रात चिकटलो. मी ढोलकी घेऊनच आलो होतो. त्याच्याकडं काहीच नव्हतं. तिथला बेसवाला काम सोडून गेलेला, त्याची चार जाड तारांची, गाण्याखाली खर्जाचे स्वर धरणारी बेस गिटार कोपऱ्यात पडून होती. मालक म्हणाला, "घे, वाजव." यानं घेतली. गळ्यात काय पडतंय हे त्याला तेव्हा कळलं नाही, मलाही नाही.

त्याच ऑर्केस्ट्रात अहमदपूरची महामाया गायला यायची. तिचा आवाज गोड नाही. गोड आवाजाच्या बाया आम्ही पुष्कळ पाहिल्या, दोन गाण्यांत त्यांची साखर संपते. महामायाचा आवाज चुलीवरच्या भाकरीसारखा, कडेला जरा करपलेला, आणि तिथंच खरी चव. ती रमाईचं गाणं गायला लागली की पुढच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या आणि मागचे पुढारी मोबाइल खिशात घालायचे. आनंदराज तिच्या मागं उभा राहून एकेक स्वर ठेवत जायचा. तेव्हा त्याला येतच तेवढं होतं. आणि तेव्हाच तो सगळ्यात चांगला वाजवायचा. हे मी त्याला पुढं एकदा तोंडावर सांगितलं, तर पठ्ठ्या कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

दोघांचं लग्न झालं. आमची स्वतःची पार्टी झाली. मूलबाळ झालं नाही, पण दोघं रस्त्यानं चालले तरी गुणगुणत चालायचे. बघणाऱ्यालाही बरं वाटायचं.

मग मोबाइलवर ते परदेशातले बेसवाले आले. काय त्यांचे हात! अंगठ्यानं तार आपटायची, दुसऱ्या बोटानं उचलायची, एका श्वासात वीस स्वर. आनंदराज वेडा झाला. दार लावून दिवस दिवस घासायचा. आणि खोटं कशाला बोलू, त्याला ते आलं. अख्ख्या मराठवाड्यात कुणाला येत नव्हतं ते त्याला आलं. इंजिनिअरिंगची पोरं त्याला सर म्हणायला लागली, त्याचे व्हिडिओ काढायला लागली.

आमच्या कार्यक्रमात एक रीत असते. गाणं चालू असताना ऐकणारा भारावला की नोट घेऊन स्टेजकडं येतो. मग गाणारी थांबते, निवेदक त्याचं नाव पुकारतो, कुणाच्या आठवणीत बक्षीस दिलं ते सांगतो, जय भीम होतो आणि गाणं पुन्हा पुढं चालू. तेवढा वेळ ठेका चालू ठेवायचा असतो. कामकरी बाई कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेते तेवढं हलकं ते धरायचं. आनंदराजला ती मोकळी जागा दिसली आणि त्याला वाटलं, ही आपलीच.

देगलूरच्या कार्यक्रमात रमाईचं गाणं भर रंगात आलं होतं. एक माणूस मेलेल्या आईच्या नावानं बक्षीस घेऊन आला. महामाया थांबली आणि यानं सुरू केलं. अंगठा काय, बोटं काय, नुसती आतषबाजी! पोरं शिट्ट्या मारायला लागली. टाळ्या पडल्या. तो आईवाला माणूस नोट हातात धरून येड्यासारखा उभा. महामाया माइक धरून परत आत शिरायची जागा शोधत होती, तिला ती सापडेना. गाणं कसंबसं संपवलं तिनं.

खोलीवर आल्यावर ती म्हणाली, "तुमी माझ्या आवाजाखाली नसताव. खाली कुनी न्हाई म्हनल्यावर मला पडल्यावानी हुतं."

हा म्हणाला, "तुला माझी टाळी बघवत न्हाई."

असं एकदाच झालं असतं तर मिटलं असतं. वर्षभर तेच चाललं. शेवटी महामाया अहमदपूरला आईकडं गेली ती गेलीच. कोर्ट नाही, कचेरी नाही, भांडी आपटणं नाही. तिथं तिनं नवी पार्टी उभी केली. उदगीरचा मल्लिनाथ कीबोर्डवर डाव्या हातानं बेसचं भागवायचा. मी तिच्या पार्टीत गेलो. ढोलकीला गाणं लागतं, आणि गाणं तिकडं गेलं होतं.

मी नांदेडहून एसटीनं कार्यक्रमाला जायचो आणि परत आलो की आनंदराज हटकून विचारायचा, "ती काय म्हनली का रे?"

"न्हाई."

"माझं नाव बी न्हाई?"

"न्हाई बाबा."

स्टेशनामागं त्याची एक खोली आहे. महामायाची साडी वाळत घालायची दोरी अजून खिडकीपासून दारापर्यंत ताणलेली. तो त्या दोरीवर स्वतःचा टॉवेलसुद्धा टाकायचा नाही, वाकून तिच्याखालून जायचा. मला ते बघवायचं नाही. त्यानं मनाशी एक धरलं होतं. बेसवरून संसार मोडला, म्हणजे बेसवरच तो जुळणार. एक दिवस तिच्या आवाजाखाली नीट उभा राहिलो की ती घरी येईल. ही अट तिनं कधीच घातली नव्हती. त्यानंच घातली, स्वतःला. वाजवणाऱ्या माणसाचंच असं होतं. त्याला वाटतं, आपल्या हातून बिघडलं ते हातानंच दुरुस्त होईल.

त्यानं अंगठा आपटणं सोडलं. सगळी आतषबाजी सोडली. मोबाइलवर तालाची टिकटिक लावायची आणि तिच्यावर साधं, अगदी साधं वाजवायचं. एकदा मी ऐकत बसलो. एक स्वर इकडं तिकडं नाही, सगळं मापात. आणि ऐकता ऐकता मला जांभई आली.

मी म्हणालो, "आंद्या, ती टिकटिक बंद कर. वहिनी टिकटिकीवर गात न्हाई, मानसावर गाती."

"मग कुनावर वाजवू?" तो म्हणाला. "हितं हाय कोन?"

मी चहा करायला उठलो.

यंदाच्या जयंतीत मल्लिनाथच्या डाव्या हाताचं बोट शटरमध्ये चेंगरलं. कार्यक्रम अहमदपूरलाच, विहारासमोरच्या मैदानावर. महामायाचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "व्यंकटभाऊ, त्यांना इचारून बघा."

विचारायचं काय त्यात? आनंदराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या आधी बसस्टँडवर हजर. गिटार मांडीवर घेऊन बसला. अहमदपूरला उतरताना म्हणाला, "आज जमलं तर घरी घेऊन जातो तिला."

दहाला माइक बंद करावे लागतात म्हणून सहालाच सुरुवात केली. महामायानं त्याला जय भीम घातला, त्यानं घातला, बस. पहिली गाणी त्यानं त्या टिकटिकीतली वाजवली. चूक नाही, आणि उपयोगही नाही. महामायाच्या पाठीवरून मला कळत होतं. ती सांभाळून गात होती, चिखलातून चालणारी बाई गात असावी तशी.

मग रमाईचं गाणं आलं. दुसऱ्या अंतऱ्याला मागच्या बाजूनं एक म्हातारी उठली. नागुबाई तिचं नाव, ते नंतर पुकारलं गेलं. पांढरं पातळ, हातात काठी, दुसऱ्या मुठीत नोट. एकानं पुढं होऊन नोट घ्यायला हात केला, तर तिनं तो काठीनं बाजूला सारला. बक्षीस आपल्या हातानं द्यायचं असतं. महामाया थांबली. लोकांनी वाट करून दिली आणि म्हातारी निघाली. मैदान केवढं, आणि तिची पावलं केवढी!

मी हात हलका केला. मनात म्हटलं, मेलो, आता हा एवढी मोकळी जागा बघून पुन्हा सुरू होतोय. पण आनंदराज नागुबाईच्या पायांकडं बघत होता. तिनं पाऊल टेकवलं की तो एक स्वर ठेवायचा. पुढचं पाऊल उशिरा पडलं तर स्वरही उशिरा. कुठली टिकटिक आणि कसलं माप! मी माझा ठेका सोडून त्याच्या मागं गेलो. मध्येच म्हातारी दम खायला उभी राहिली. त्यानं स्वर लांबू दिला आणि विझू दिला. मीही हात उचलला. सगळं मैदान गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. म्हातारीनं श्वास घेतला, काठी पुढं टाकली, आणि खालून तो स्वर पुन्हा आला. आयुष्यभर साथ केली, पण मला असं कुणी चालवलं नव्हतं.

नागुबाईनं नोट दिली, महामायाच्या गालावरून हात फिरवला. आणि महामाया न मोजता, न शोधता, थेट त्या अंतऱ्यात शिरली. काय गायली! डोळ्यांतल्या पाण्यानं मला ढोलकी दिसेना. गाता गाता ती एकदा मागं वळली आणि त्याच्याकडं नीट बघितलं. आनंदराज रडत होता. वाजवणं सोडलं नव्हतं त्यानं.

कार्यक्रम संपला, मी ढोलकी गवसणीत घालत होतो. तो वायरी गुंडाळत होता. महामाया त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"आज खाली हुतो का मी?" त्यानं विचारलं.

"हाव. हुताव."

"मग चल घरी."

ती म्हणाली, "मला वाटायचं, एक दिस तुमी असं वाजवताल अन् माझा राग जाईल. आज गेला बघा. खरंच गेला. पर तो गेल्यावर आत बघितलं तर काय बी ऱ्हायलं न्हाई. एवढी वर्सं रागच हुता तुमच्यावर, दुसरं काय नव्हतं. मलाच ठावं नव्हतं."

आनंदराजच्या हातातलं वायरीचं भेंडोळं सुटून खाली पडलं. तिनंच ते उचलून दिलं.

"पार्टीत या," ती म्हणाली. "मल्लिनाथला दोनी हातानं कीबोर्ड वाजवू द्या. पर घरचं म्हनू नका आता."

तो म्हणाला, "हाव."

मला वाटलं होतं, येणार नाही. मी असतो तर आलो नसतो, गिटार गोदावरीत फेकली असती. पण उदगीरच्या कार्यक्रमाला तो आला, निलंग्याला आला, सगळीकडं येतो. तिच्या मागं चार हातांवर उभा राहतो आणि असं वाजवतो की ती कुठंही थांबो, कितीही थांबो, परत पाय टाकला की खाली जमीन असतेच. महामाया आता बिनघोर गाते. आणि तो जितकं चांगलं वाजवतो, तितकं तिला मागं वळून बघावं लागत नाही.