सासऱ्यांना दिलेला व्यायाम

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिला सगळं येत होतं, म्हणजे बोलायला. फ्रॉकचं बटण, डब्याचं झाकण, भाकरीचा तुकडा, यातलं काहीही तिच्या बोटांना जुमानत नव्हतं. बोटांत जोरच कमी. म्हणून मधल्या सुट्टीत रोज शाळेत जाऊन मी तिला भरवायची. वर्गातल्या पोरी हसायच्या आणि ही तोंड घट्ट मिटून घ्यायची. "मी पोरींसंग बसून जेवते, तू येऊ नको," म्हणायची. नाही गेले, की डबा भरलेलाच परत यायचा.

शेवटी तिला घेऊन मुखेडहून नांदेड गाठलं. तिथं ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम होत्या. नाव ऐकून मला वाटलं, मोठमोठी यंत्रं असतील. बघते तर एक झोका, रबरी चेंडू आणि घमेलंभर ज्वारी. ज्वारीत मणी लपवलेले. पोरीनं ते चाचपून काढायचे, चिमटीत धरायचे. रोजची कामं जमायला आधी बोटं तयार व्हावी लागतात, असं मॅडमनी सांगितलं. सासरे सोबत होते. किराणा दुकान चालवणारा माणूस, त्यांना राहवेना.

"ज्वारीत हात घालायला इतक्या लांब आलो व्हय? आपल्या दुकानात पोती हायत की!"

"मग रोज दुकानातच करून घ्या, आजोबा."

झालं. सासरे दवाखान्यात भागीदारी मिळाल्याच्या तोऱ्यात परतले. दुसऱ्या दिवसापासून नात पोत्यापाशी आणि गिऱ्हाईक ताटकळत. मण्यांऐवजी त्यांनी लिमलेटच्या गोळ्या लपवल्या. लपवल्या कसल्या, वरच ठेवून त्यावर चार दाणे भुरभुरले! तरीही ती शोधत बसली, की हेच बोट दाखवायचे. कणीक मळायला दिली तर निम्मी हेच मळायचे. जेवताना तर भाकरी कुस्करून घास थेट तिच्या तोंडाशी.

पुढच्या खेपेला मॅडमनी तिची बोटं दाबून पाहिली आणि हसत सासऱ्यांकडे वळल्या. "आजोबा, तुमच्या बोटांत चांगला जोर आलाय. आता तुम्हाला वेगळा व्यायाम. ही जेवायला बसली, की आपले दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे."

पोरीला व्यायाम जमत गेला, सासऱ्यांना काही केल्या जमेना. ती करंगळीकडची बोटं भाकरीवर रोवून अंगठ्यानं तुकडा मोडायला बघायची. वरण अंगावर, भाकरी ताटाबाहेर. "पोरगी उपाशी ऱ्हाईल ना!" म्हणत सासरे बसल्या जागी चुळबुळत. मी पदर तोंडाला लावून हसायची. पण एके दिवशी तुकडा मोडला. वेडावाकडा, पण तिचा तिनं मोडला.

त्यानंतर तिनं मला शाळेत यायची मनाई केली. तरी मी गेलेच. खिडकीतून पाहिलं, तर डबा उघडा, हनुवटीला वरण, दोन्ही बाजूंना पोरी. घरी सासऱ्यांना हसणं मला सोपं होतं, कारण तोवर हात त्यांचे बांधलेले होते, माझे नव्हते. मी आत शिरून तिचं तोंड पुसायला पदर पुढं केला. तिनं मान मागं घेतली.

"जा ना आई, मी जेवून राहिले."

खरं सांगते, आधी वाईट वाटलं. मग बाहेर येऊन भिंतीआड उभी राहिले आणि सुट्टी संपेपर्यंत रडले. आत पोरी हसत होत्या, आणि त्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.